सहलीला येताना शिट्टी आणू नका

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातल्या मराठी शाळांचे सहलप्रमुख सर आणि बाई यांना,

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या स्टाफरूममध्ये सहलीचा विषय निघतो. गोवा की विजापूर, विजापूर की म्हैसूर, यावर दोन दिवस चर्चा होते. मग कुणीतरी वॉटर पार्कचं नाव काढतं आणि सगळे एकदम मोकळे होतात. मी अशा बैठकांना तीस वर्षांहून जास्त काळ बसलो आहे. चित्रकलेचा मास्तर म्हणजे सहलीचा हक्काचा गडी. त्याचा पोर्शन बुडत नाही अशी सगळ्यांची समजूत असते. त्यामुळे वर्गणी गोळा करणे, संमतीपत्रं मोजणे, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या परवानगीमागे धावणे आणि गळ्यात शिट्टी अडकवून पोरं हाकणे ही चारही कामं माझ्याकडे असायची. आता निवृत्त झालो, शिट्टी कपाटात आहे. हे पत्र तिच्याचमुळे लिहितोय.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीची सहल होती. सकाळी किट्टूर, मग देगावचं कमलनारायण मंदिर, आणि उरलेला अख्खा दिवस हायवेवरच्या एका पाण्याच्या पार्कात, असा बेत मीच आखला होता. मंदिराला वेळ ठेवला होता पंचवीस मिनिटं. त्यातली दहा चपला काढण्यात आणि रांग लावण्यात गेली. दर्शन झालं, ग्रुप फोटो झाला, मी शिट्टी वाजवली. बावन्न पोरं बाहेर आली, एक आली नाही. आत गेलो तर एक मुलगी मंडपातल्या खांबापाशी बसून खांबाच्या कड्यांवरून बोट फिरवत होती. मी ओरडलो. साहजिकच ओरडलो, बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता. ती उठता उठता म्हणाली, “सर, हे लेथवर केल्यागत दिसतंय की ओ. आमच्या पप्पांच्यात असंच होतंय.”

तिचे वडील उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर होते, फिरत्या लेथवर लोखंड कातणारे.

मी तिला “चल चल” म्हणून बसमध्ये बसवली. चित्रकला शिकवणारा माणूस मी. लोअर-हायरच्या परीक्षांना पोरं बसवणारा, वस्तुचित्रात लोट्याचा गोलवा चुकला की कान पिळणारा. त्या खांबाकडे मी स्वतः तोवर कधी दोन मिनिटं थांबून बघितलं नव्हतं. पोरीनं बघितलं, आणि मी शिट्टी वाजवली. पार्कात त्या दिवशी बाकीच्या पोरांनी काय केलं ते मला आज आठवत नाही. ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाही.

पुढच्या महिन्यात मी तिच्या वडिलांना गाठलं आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून पुन्हा देगावला गेलो. डिसेंबर होता, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, त्यामुळे किट्टूरपर्यंत पोचायलाच उशीर. देगाव तिथून अगदी जवळ. मंडपात शिरल्यावर त्या माणसानं देवाला लांबूनच हात जोडले आणि सरळ खांबाशी गेला. आधी लांबून एक डोळा मिटून उभं बघितलं. मग जवळ येऊन अंगठ्याचं नख कड्यांवरून वरून खाली ओढलं, जसं आपण कापडाचा पोत बघतो तसं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सेंटर सुटलेलं नाही सर. एवढा मोठा जॉब, आणि कुठं वॉबल नाही.” मी विचारलं, तुमच्याकडं एवढा दगड फिरवता येईल का? तो हसला. “चकात, म्हंजे लेथच्या पकडीत, धरायला क्रेन लागंल. त्यांनी आडवा धरला काय उभा?”

हा प्रश्न मी माझ्या सगळ्या नोकरीत एकाही इतिहासाच्या मास्तराच्या तोंडून ऐकला नव्हता. जाणकार असं मानतात, की खांबाचा दगड आधी छिन्नीनं ओबडधोबड घडवून घेत, मग तो आसावर फिरवत आणि फिरत्या दगडाला हत्यार लावून कड्या, खाचा, घंटेसारखे फुगीर भाग काढत. अकराव्या-बाराव्या शतकात चालुक्यांच्या कारागिरांच्या हातात एक नवा दगड आला होता. हिरवट-काळसर, खाणीतून काढल्यावर मऊ, आणि हवेत राहिला की टणक होत जाणारा. कातकामाला त्याच्याइतका सोयीचा दगड नाही. त्या काळात आपल्या या पट्ट्यात एकामागून एक अशी मंदिरं उठली, त्याला राजांची भक्ती कारण आहेच, पण दगडाचा स्वभावही कारण आहे. त्या टर्नरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मटेरियल बदललं, म्हणून डिझाइन बदललं.” बस. एवढ्या चार शब्दांत सगळं आलं. मी त्याच्यावर अर्धा तास बोलणार होतो.

एवढ्यासाठीच हे पत्र आहे. आपल्या पोरांना मंदिर दाखवताना आपण सनावळी सांगतो, देवाची गोष्ट सांगतो, आणि तिसरं काही सांगायला वेळ उरत नाही. आपल्या भागातल्या पोरांच्या घरात मात्र या मंदिरांचं अर्धं उत्तर आधीच आहे. उद्यमबागेत ज्यांचे वडील लेथवर उभे असतात, फाउंड्रीत साचे भरतात, त्या पोरांना खांब कळतो. शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांच्या पोरांना छतावरची नक्षी कळते, कारण एकच फूल ओळीनं पुन्हा पुन्हा बसवताना कुठं गाठ पडते ते त्यांना घरात बघून ठाऊक असतं. आणि खानापूरच्या पोरांना शिखर कळतं. ते कसं, ते हलशीत सांगतो.

खानापूरहून नंदगडमार्गे हलशीला जा. नंदगडला किट्टूरच्या राणी चन्नम्माचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे. 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी त्याला तिथं फाशी दिलं. तिथं पाच मिनिटं थांबा, पोरांना ते नाव ठाऊक असतंच. पुढं हलशी. गावाच्या नावापाशी आधी थांबा. जुन्या लेखांत या गावाचं नाव पलाशिका आणि पलसिगे असं येतं. जुन्या कानडीतला शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ पुढं ‘ह’ झाला: ‘पुलि’ म्हणजे वाघ, त्याचा ‘हुलि’ झाला, ‘पाल्’ म्हणजे दूध, त्याचं ‘हालु’ झालं. तसं पलसिगेचं हलशी. आपली मराठी माध्यमाची पोरं शाळेत कानडी शिकतात, बाजारात बोलतात. हे कोडं त्यांना स्वतः सोडवू द्या. एखादं पोरगं ‘पळस’ म्हणेल, त्यालाही ऐका.

पाचव्या-सहाव्या शतकात हे बनवासीच्या कदंब राजांचं मोठं ठाणं होतं. इथले ताम्रपट एकोणिसाव्या शतकात फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं वाचून छापले. नंतर गोव्याच्या कदंबांच्या काळात हा ‘पलसिगे बारा हजार’ नावाचा प्रांत. ‘कदंब’ म्हटलं की बेळगावच्या पोरांना काय आठवतं ते तुम्हाला माहीत आहे. मी एकदा वर्गात विचारलं तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, “गोव्याची बस, सर.” सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. गोव्याच्या एस.टी.ला कदंबांचं नाव दिलंय ते याच घराण्यावरून, आणि त्या राजांचं एक मन गोव्यात तर एक पाय हलशीत होता. बसपासून सुरुवात केली तर बिघडलं कुठं?

बाराव्या शतकात शिवचित्त पेरमाडी आणि त्याचा धाकटा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य यांनी मिळून राज्य केलं. एका भावाच्या नावात शिव, दुसऱ्याच्या नावात विष्णू. हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिराच्या शिलालेखात कलियुगाची 4270 वर्षं मोजली आहेत. फळा नसला तर जमिनीवर खडूनं लिहा आणि त्यातून 3101 वजा करायला सांगा. 1169 येतं. शालिवाहन शक सोडून कलियुगानं वर्षं मोजायची सवय या घराण्याला होती, आणि सातवीतल्या पोराला वजाबाकी करून एका राजाच्या जवळ जाता येतं, हे मला अजूनही फार गमतीचं वाटतं.

आता आत चला. बहुतेक मंदिरांत आपण एका दिशेनं चालत जातो, शेवटी गाभारा येतो. इथं मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की दोन्ही बाजूंना गाभारे आहेत. एकीकडे नरसिंह, समोर भूवराह. दोघं एकमेकांकडे तोंड करून. पोरांना मधे उभं करा आणि विचारा, पाठ कुणाकडं करायची? मी हा प्रश्न विचारल्यावर एका वर्षी पोरं आडवी वळून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. यापेक्षा चांगला नकाशा मला काढता आला नसता.

बाहेर आलात की शिखर बघा. शिखर म्हटलं की पोरांच्या मनात वक्र, उंच, नक्षीनं भरलेलं काहीतरी असतं. कदंबांचं शिखर तसं नाही. थरावर थर, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा लहान, आणि माथ्यावर कळस. साधं, जवळपास भूमितीच्या वहीतलं. उतरंड पाहिलेली माणसं आता कमी झाली. पण खानापुरात अजून कुंभारकामाची परंपरा आहे, मातीकाम शिकवणारी केंद्र सरकारची संस्थाही तिथं आहे. ज्या घरात मोठ्या माठावर लहान माठ, त्यावर आणखी लहान, आणि सर्वात वर गाडगं असं रचलेलं पाहिलंय, त्या घरच्या पोराला हे शिखर एका नजरेत समजतं. एकदा एका मुलानं चित्रवहीत शेजारी शेजारी दोन्ही काढलं, आजीच्या स्वैपाकघरातली उतरंड आणि हे शिखर. मी दहापैकी दहा दिले. मुख्याध्यापकांनी विचारलं, एवढे का? मी म्हटलं, अकरा देता येत नाहीत म्हणून.

(एक सूचना, रागावू नका. शिखर बघायला म्हणून पोरांना कट्ट्यावर, भिंतीवर चढवू नका. मागे सरकून बघितलं की जास्त दिसतं.)

हलशीहून किट्टूरच्या रस्त्याला लागा आणि देगावला या. वेळ दुपारचा असतो. पण मंडपात सावली असते, डबे आधीच खाऊन घ्या. भडंगाची पिशवी आत नेऊ नका, चुरमुरे दगडाच्या खाचांत जातात आणि मुंग्या लागतात. हे मंदिर शिवचित्ताची राणी कमलादेवी हिनं बांधवून घेतलं. एका ओळीत तीन गाभारे, त्यांच्यापुढं एकच लांब मंडप. एकात नारायण, एकात मांडीवर लक्ष्मी घेतलेला लक्ष्मीनारायण, आणि एकात कमला. राणीचं नाव कमला, लक्ष्मीचं नाव कमला, आणि मान वर केली तर छतातसुद्धा दगडाचं कमळ. मुलींना हे आधी सांगू नका. त्या आपसूक शोधतात.

1174 साली देगावला अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांना वसतीसाठी दान, दिल्याचा लेख आहे. जवळच्या किट्टूरला आपण पोरांना नेतोच, राणी चन्नम्माचा इंग्रजांशी 1824 चा लढा सांगतोच. दोन राण्यांच्या मधे बरोबर साडेसहाशे वर्षं. एका दिवसाच्या सहलीत दोघी येतात, आणि आपण एकीलाच भेटून वॉटर पार्कला पळतो.

काही मास्तर म्हणतील, देगावचं काय एवढं, आम्ही खिद्रापूरला नेतो. जरूर न्या. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचे 48 खांब आणि वरचं उघडं गोल आकाश बघून कुणाचीही मान दुखेल. मीही चारदा गेलोय. पण बेळगावच्या मास्तरानं पहिला धडा घरापासून सुरू करायला काय हरकत आहे? बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बसनं दहा मिनिटांवर आहे. जैन मंदिर आहे, 1204 चं, रट्ट राजांचा मंत्री बीचण यानं बांधलेलं. तिथल्या गुळगुळीत काळ्या खांबांत पोरांना आपला चेहरा दिसतो, आणि छतातलं कमळ 72 पाकळ्यांचं आहे. सहलीच्या आधीच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिथं न्या. तिथं खांबावर हात फिरवलेलं पोर देगावला आलं की खांब आपोआप ओळखतं.

आता सीमाभागात राहून जो विषय टाळता येत नाही तो. दर सहलीत एक तरी पोरगं विचारतं, “सर, हे मंदिर कर्नाटकाचं की आपलं?” सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून एक नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत मी दरवर्षी चालणारा माणूस आहे, आजही गुडघे दुखत असताना जातो. त्यामुळे मला कुणी भाबडा म्हणू नये. पण या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नाही. मी पोरांना एवढंच सांगितलं, की गोव्याच्या कदंबांचे लेख कानडी लिपीतही आहेत आणि नागरीतही, भाषा संस्कृतही आहे आणि कानडीही. सीमावादाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, खांब साक्षीला येणार नाही. वही काढा. देगावला एका म्हाताऱ्या अज्जींनी आमच्या पोरांना “नीर बेकेन?” (पाणी हवं का?) असं विचारलं, आणि आमची सीमाभागातली वाघाची पिल्लं एका सुरात “बेक री अज्जी” (हवं, आजी) म्हणाली. तांब्या तीनदा भरून आणला त्यांनी.

माझी मागणी फार नाही. या मंदिरांना दोन दोन तास द्या, नाही जमलं तर एकाच मंदिराला चार द्या. प्रत्येक पोराकडे चित्रवही, पेन्सिल, आणि दोन पोरांत एक टॉर्च असावी, कारण गाभाऱ्यात आणि छतात उजेड नसतो आणि मोबाइलच्या फ्लॅशनं सगळं सपाट दिसतं. टॉर्च तिरकी धरली की कोरीव काम उठून दिसतं, हे पोरांना एकदा दाखवा, पुढं ती स्वतः खेळत बसतील. एक सुतळी आणा. खांबाच्या घेराला गुंडाळायची आणि मग फुटपट्टीवर मोजायची. बाईंनी गणिताचा तास तिथंच घ्यावा. दर्शनाची सक्ती नको, आपल्या वर्गात सगळ्या धर्मांची पोरं असतात. चित्रवहीची सक्ती करा. आणि माहितीपत्रक वाटू नका. ते वाटलं की पोरं दगडाकडं न बघता कागदावरून वहीत उतरवतात, घरी येऊन पालक फोटो काढून ग्रुपवर टाकतात, झाली सहल.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पालक म्हणतात, पैसे देतोय तर पोरांना मजा पाहिजे. ठीक आहे. पण एकदा मजेची व्याख्या पोरांना विचारा. त्या टर्नरच्या मुलीला मी पार्कात सोडलं तेव्हा ती काठावर बसून संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला तो खांब आठवून काढत होती. कागद भिजला, तिनं फेकून दिला. मला तो आज हवा होता.

संक्रांतीनंतर सहली काढणाऱ्या शाळांनी आताच अर्ज टाकावा, बीईओ ऑफिसात आठ-दहा दिवस लागतातच. देगाव-हलशीला येणाऱ्या कुठल्याही शाळेबरोबर मी माझ्या खर्चानं येईन, माझा डबा मी आणीन. टॉर्चच्या सेलचीही सोय करतो. शिट्टी तेवढी शाळेत ठेवून या.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
खानापूर तालुका